हाल्डरव्हेनला नऊ चाळीसची गाडी नव्हती

१

स्टेशन चोरीला गेलं होतं. गाड्या जागेवर होत्या, रूळ होते, सिग्नल होते, फाटकापाशी सायकल धरून उभा असलेला बोटभर उंचीचा पोस्टमनसुद्धा होता. फक्त स्टेशनची इमारत नव्हती. तिच्या जागी हातभर लांबीचा फिकट चौकोन उरला होता आणि चार स्क्रूंची चार भोकं.

अकरा नोव्हेंबर २००६, शनिवार, सकाळचे साडेआठ. लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका चर्चचा हॉल. बाहेर इतकं धुकं होतं की समोरचं न्यूजएजंटचं दुकान नुसतं अंदाजाने दिसत होतं. सुप्रभाचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "सुलू, आहेस तशी ये. ह्यांचं स्टेशन कोणीतरी नेलं," एवढं बोलून ती रडायलाच लागली. मी घरातल्या कपड्यांवर कोट चढवला आणि निघाले. चहा तसाच राहिला, हे मी आजही तिला ऐकवते.

मलाच का बोलावलं? कारण मी सुलक्षणा, पॅथॉलॉजिस्ट. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली. निवृत्त झाल्यापासून आमच्या मंडळातल्या हरवलेल्या वस्तू मी शोधून देते. गणपतीतली समई, पिकनिकला हरवलेली एकांची कवळी. लोक मला चौकस म्हणतात. पाठीमागे भोचक म्हणतात, तेही मला माहीत आहे.

हॉलमध्ये चौघं होती. डॉ. रघुवीर टिपणीस, म्हणजे आमचे रघुदादा, वय चौऱ्याहत्तर, छातीच्या विकारांचे डॉक्टर. त्यांची बायको सुप्रभा, माझी चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिसरा जोशुआ किहीमकर, भायखळ्यात वाढलेला बेने इस्राएली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. मराठी माझ्यापेक्षा चोख बोलतो. आयुष्यभर त्याने डेंटिस्टांसाठी दात बनवले, त्यामुळे हात सोनाराचे. चौथा बेन, मॉडेल रेल्वे क्लबचा सेक्रेटरी. बेनने चाळीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये घालवली आणि इंग्लंडच्या टोकावरच्या डोव्हर बंदरापलीकडे पाऊल टाकलेलं नाही. तो इंग्रजीतच बोलायचा, मी त्याचं मराठीत सांगते.

चोरीला गेलेलं स्टेशन हाल्डरव्हेनचं, हॉलंडमधल्या एका आडगावचं. रघुदादा तरुणपणी तिथे सहा महिने राहिले होते. पुढे जोशुआला बरोबर घेऊन आपल्या गॅरेजमध्ये वीस वर्षं त्यांनी ते स्टेशन जसंच्या तसं छोट्या आकारात बांधलं. सोळा फूट लांब लेआउट: कालवे, बगळे, साखरेच्या बीटचे ढीग, सगळं. आज बारा वाजता क्लबचं प्रदर्शन उघडणार होतं, आणि ते बघायला खास हॉलंडहून सोफी येणार होती, तिथल्या स्टेशनमास्तरची नात. घरचा जुना अल्बम घेऊन.

आता खरी गोष्ट सांगते. गेलं वर्षभर रघुदादांचं काहीतरी बिनसलं होतं. लेआउटसमोर उभे राहिले की म्हणायचे, "वेटिंग रूम इथे नव्हती. पलीकडे होती." आधी हसण्यावारी नेलं, मग सुप्रभाने डॉक्टरला दाखवलं. येत्या मंगळवारी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट होती. रघुदादांनी मला स्वतः सांगितलं होतं, "सोफीने माझं स्टेशन ओळखलं तर मी शाबूत आहे, सुलक्षणा. नाही ओळखलं, तर मंगळवारी ते लोक जे म्हणतील ते मी मुकाट्याने ऐकीन."

आणि आज ओळखायला स्टेशनच नव्हतं. मी त्यांच्याजवळ गेले. वाटलं, माणूस कोसळला असेल. पण ते वाकून त्या फिकट चौकोनावरून बोट फिरवत होते.

"बरं झालं गेलं ते," ते हळूच म्हणाले. "चुकीचंच होतं."

२

बेनला टाइमटेबल मोडवत नाही. स्टेशन नसलं तरी त्याने गाड्या सुरू केल्या. दोन टोकांकडून दोन पिवळसर गाड्या आल्या, त्या रिकाम्या चौकोनासमोर थांबल्या, थोडा वेळ एकमेकींशेजारी उभ्या राहिल्या आणि आपापल्या वाटेने गेल्या. खिडक्यांना धुकं टेकलं होतं. हॉल जमिनीवरून सुटून कुठेतरी तरंगत गेलाय असं मला वाटलं, आणि मी काही असं वाटून घेणारी बाई नाही.

मी रघुदादांना खुर्चीत बसवलं. "मला सांगा ना, कसं होतं तुमचं हाल्डरव्हेन?"

त्यांचे डोळे अर्धे मिटले. "बासष्ट साल. इंग्लंडचे कागद यायला वेळ होता, म्हणून सहा महिने तिथल्या क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये काम धरलं. राहायला जागा स्टेशनवरच, मास्तरांच्या वरच्या मजल्यावर. हेंड्रिक त्यांचं नाव. ते सांगायचे, स्टेशन बांधलं चौऱ्याऐंशी साली. अठराशे चौऱ्याऐंशी. त्या मुलखात जळणासाठी दलदलीची माती कापायचे, ती न्यायला. मग साखरेचं बीट आलं. अडतीस साली पॅसेंजर गाड्या बंद केल्या, बसने जा म्हणाले. पुढे लढाईत पेट्रोल संपलं, बसगाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा निमूटपणे परत सुरू केल्या."

"आणि तुमच्या वेळी?"

"रूळ एकेरी. फक्त आमच्या स्टेशनात दुहेरी. त्यामुळे दोन्हीकडच्या गाड्या आमच्याकडेच एकमेकींना ओलांडायच्या. दर तासाला, वीस मिनिटांनी. सात वीस, आठ वीस, नऊ वीस. दोन मिनिटं थांबायच्या आणि गेल्या. उरलेली अठ्ठावन्न मिनिटं बगळ्यांची."

"उशीर व्हायचा कधी?"

"सहा महिन्यांत एकदाही नाही!" ते जवळजवळ रागावले. मग पुन्हा त्या धुक्यात शिरले. "निघालो त्या दिवशी हेंड्रिकच्या बायकोने वाटाण्याचं सूप वाढलं. चमचा उभा राहील इतकं घट्ट. पोटभर जेवून बॅग घेऊन खाली उतरलो. दोन्ही गाड्या लागलेल्या. पळत पलीकडे गेलो आणि एक फोटो काढला. वर पिवळ्या पडद्याच्या खिडकीत क्लारा हात हलवत होती. गाड्या तिथे उजवीकडून चालतात, तेव्हा मी..."

"डावीकडून, डॉक्टर," बेनने गाड्यांच्या ट्रान्सफॉर्मरवरून मान न उचलता सांगितलं. इतक्या वर्षांत 'उजवीकडे' एवढा मराठी शब्द त्याला कळू लागला होता. "गाडी नेहमी डाव्या रुळावरून जाते. फोटोतही तसंच आहे."

सुप्रभाने माझ्याकडे पाहिलं. पाहिलंस ना, असं ती नजर म्हणत होती.

"हो. फोटोत डावीकडेच आहे," रघुदादा म्हणाले. "तो एकच फोटो आहे माझ्याकडे. रंगीत स्लाइड, प्रोजेक्टरात घालायची पारदर्शक फिल्म. स्टेशनच्या नावाची पाटीसुद्धा आली नाही त्यात, एक अक्षर नाही कुठे. पण त्यावरूनच जोशुआने भिंतीवर प्रकाश टाकून मापं घेतली. दाराकडे तोंड करून उभं राहिलं की वेटिंग रूम उजव्या हाताला यायची, अशी मला आठवते. मॉडेलमध्ये डावीकडे आहे, आणि फोटोतही डावीकडे. आता फोटो कशाला खोटं बोलेल? म्हणजे मीच."

ते हसले. ते हसू मला बघवलं नाही. मी त्यांच्यासाठी चहा करायच्या निमित्ताने किचनमध्ये गेले, तर सुप्रभा मागोमाग आली आणि तिने दार लावून घेतलं.

"सुलू, खरं सांगू? मला वाटतं ह्यांनीच काढून कुठेतरी ठेवलंय. आणि ठेवलेलं विसरलेत."

३

मी दोन मिनिटं विचार केला आणि म्हटलं, "शक्य नाही."

"का?"

"सकाळी त्यांच्या कोटाची बटणं कोणी लावली?"

"मीच. त्यांचे हात थरथरतात, माहितेय तुला."

"मग लेआउटच्या खाली आडवं पडून चार स्क्रू काढायचे, ते कोणाच्या हातांनी? भोकं बघ जाऊन, एकालाही ओरखडा नाही. आणि तुम्ही दोघं काल साडेतीनला घरी गेलात. बेनने चार वाजता स्टेशन जागेवर पाहिलंय." तिचा चेहरा जरा उजळला. मी पॅथॉलॉजिस्ट असल्यामुळे लगेच पुढचा प्रश्न विचारला. "तू नाहीस ना नेलंस?"

"मी?"

"त्या पिवळ्या पडद्याला आग लावीन, असं तूच म्हणाली होतीस. गेल्या दिवाळीत. सगळ्यांसमोर."

सुप्रभा लाल झाली. "म्हणाले होते. चव्वेचाळीस वर्षं ती क्लारा खिडकीतून हात हलवतेय आणि मी तिच्या पडद्यावरची धूळ पुसतेय. पण सुलू, आज त्यांचा दिवस होता गं. आज मी तिलासुद्धा चहा पाजला असता." ती खोटं बोलत नव्हती. सुप्रभाला खोटं बोलता आलं असतं तर माझ्या हातच्या अळूवडीबद्दल तिने मला एवढं खरं सांगितलं नसतं.

राहिले दोघं. हॉलची किल्ली एकट्या बेनकडे. मी त्याला गाठलं आणि म्हटलं, दारावर नोटीस लावू या, स्टेशन कसं दिसतं ते सांग. ही माझी जुनी खोड आहे. माणसाला स्वतःबद्दल विचारलं की तो सावध होतो, वस्तूबद्दल विचारलं की मोकळा होतो.

"लाल विटा, हिरवी दारं," बेन म्हणाला. "दाराच्या डावीकडे गोल घड्याळ, आकडे नसलेलं, नुसत्या काड्यांचं. वेळ नऊ चाळीस. आणि लिहून घे, ती वेळ चूक आहे! पंधरा वर्षं मी ओरडतोय. दोन्ही गाड्या स्टेशनात उभ्या, आणि घड्याळात नऊ चाळीस. टाइमटेबलमध्ये नऊ चाळीसला तिथे मांजरसुद्धा नसतं! मी जोशुआला विचारलं तर म्हणे, फोटोत तसंच आहे, गाड्या लेट असतील. डॉक्टर म्हणतात, लेट कधीच नव्हत्या."

"म्हणून राग येऊन काढून टाकलंस?"

"मी दुरुस्त केलं असतं," बेन दुखावून म्हणाला, "चोरलं नसतं."

सुप्रभानेही तेच वर्णन दिलं होतं: घड्याळ डावीकडे. मग मी जोशुआकडे वळले. तो स्टेजच्या कडेला बसला होता. रात्रभर झोपला नसावा. "लाल विटा," तो सावकाश म्हणाला, "हिरवी दारं. वर पिवळा पडदा. घड्याळ दाराच्या उजव्या अंगाला."

"उजव्या?"

त्याने कपाळ चोळलं. "डाव्या. डाव्या गं. डोकं ठिकाणावर नाही माझं."

ज्याने ते घड्याळ स्वतःच्या हाताने बसवलं, त्यालाच बाजू आठवू नये! रघुदादांचा आजार सांसर्गिक आहे की काय, असा एक वाह्यात विचार माझ्या मनात येऊन गेला.

मी बेनकडे परत गेले. "काल शेवटी कोण होतं?"

"जोशुआ. मी चारला चिप्स आणायला गेलो. पावणेपाचला परत आलो तर लेआउटवर चादर घातलेली, दिवे बंद, आणि हा अंधारात एकटा बसलेला. रिकाम्या हातांनी चालत घरी गेला. मी कुलूप लावलं, आणि सकाळी मीच उघडलं."

काल शुक्रवार होता. नोव्हेंबरात इथे सूर्य सव्वाचारला मावळतो. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत जोशुआची बायको टालिया शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवसाच्या, मेणबत्त्या लावते, आणि तेव्हा जोशुआ घरी असतोच. अडतीस वर्षांत त्याने ती वेळ चुकवलेली नाही. माझ्या साठीच्या पार्टीतूनसुद्धा तो केक कापायच्या आधी उठून गेला होता, आणि मी दोन महिने त्याच्याशी अबोला धरला होता.

मग काल पावणेपाचला तो इथे अंधारात काय करत होता?

४

अकरा वाजले. अकरा नोव्हेंबरला अकरा वाजता इथे दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहतात, युद्धात गेलेल्यांसाठी. बेनने गाड्या थांबवल्या आणि कोटावरचं पॉपीचं लाल कागदी फूल सरळ केलं. बाहेर रस्त्यावरची रहदारीही बंद झाली असावी, किंवा धुक्याने गिळली असावी. कसलाच आवाज नव्हता. रघुदादा दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत होते. त्यांच्या हाल्डरव्हेनमध्येही गाड्या दोनच मिनिटं थांबायच्या, असं माझ्या मनात आलं.

दारावर हॉलचं घड्याळ आहे. माझी त्याच्याकडे पाठ होती. पण कोपऱ्यात बॅलेच्या क्लासचा उंच, चाकांचा आरसा उभा असतो, त्यात ते दिसत होतं. दोन मिनिटं किती उरली ते बघायला मी आरशात पाहिलं.

आरशात एक वाजला होता.

मी दचकले. बारा वाजून गेले, सोफी आली आणि परतही गेली, असं क्षणभर खरंच वाटलं. मग मान वळवून पाहिलं. अकरा. आरशात पुन्हा एक. त्या घड्याळालाही आकडे नव्हते, नुसत्या काड्या.

मला माझ्या लॅबमधला एक शिकाऊ डॉक्टर आठवला. त्याने काचपट्टी पालथी घातली होती आणि तासभर बिचारा यंत्रात दोष शोधत होता. यंत्र धड होतं आणि त्याचे डोळेही धड होते.

मनातल्या मनात मी नऊ चाळीसचं घड्याळ आरशासमोर धरलं. काटे उलटले. दोन वीस!

दोन वीसला गाडी होती. दर तासाला, वीस मिनिटांनी. दोन्ही गाड्या बरोबर वेळेवर उभ्या होत्या, एक मिनिटही लेट नव्हत्या. आणि रघुदादा सूप जेवून खाली उतरले होते. नऊ चाळीसला कोण जेवतं? मग बाकीचं आपसूक फिरलं. घड्याळ डावीकडून उजवीकडे गेलं, वेटिंग रूम उजव्या हाताला आली, गाड्या उजव्या रुळावर गेल्या. हॉलंडमधल्या गाड्या उजवीकडूनच चालत असणार. पण आम्ही सगळे विलायतेत चाळीस वर्षं डावीकडून चालणाऱ्या गाड्यांत बसलेलो. फोटोत गाड्या डावीकडे बघून आमच्यापैकी एकालाही काही वावगं वाटलं नाही. बेनसारख्या सिग्नलवाल्याला तर नाहीच.

स्लाइड उलटी होती. वीस वर्षं सगळ्यांनी एका उलट्या चित्रावरून स्टेशन बांधलं होतं, आणि ज्या एका माणसाला सरळ आठवत होतं, त्याला आम्ही क्लिनिकला पाठवत होतो. मला भयंकर शरम वाटली. मीही सुप्रभाबरोबर मान हलवली होती.

आता कोण आणि का हेही कळलं. जोशुआ हाल्डरव्हेनला कधी गेला नव्हता. तरी त्याच्या तोंडून "उजव्या अंगाला" निघालं. म्हणजे खरं स्टेशन कुठल्या बाजूने आहे ते त्याला समजलं होतं, आणि एकदा समजलं की ते डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

पण स्टेशन कुठे होतं? सव्वाचारला शब्बाथ लागला. त्यानंतर जोशुआ गाडी चालवत नाही आणि वाटेने ओझंही नेत नाही. रिकाम्या हातांनी घरी गेला, हे बेननेच सांगितलं. म्हणजे स्टेशन या हॉलच्या बाहेर गेलंच नव्हतं.

दोन मिनिटं संपली. बेनने गाड्या सोडल्या. मी जोशुआच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "चल, स्टेजखाली जाऊ या. ख्रिसमसची खोकी बघू."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

५

स्टेजखाली वाकून जावं लागतं. डिसेंबरपर्यंत तिथे कोणी फिरकत नाही, म्हणून मला तीच जागा सुचली. तिसऱ्या खोक्यात बाळ येशूचा गोठा असतो. मेंढ्या, मेंढपाळ, तीन राजे आणि कापूस. त्या कापसात, जोशुआच्या मफलरमध्ये गुंडाळलेलं, हाल्डरव्हेनचं स्टेशन निजलं होतं.

"बेथलेहेमात ठेवलंस होय," मी म्हटलं. त्याला हसू आलं नाही. तो तिथेच जमिनीवर बसला.

"पोस्टरसाठी स्लाइड मोठी करायला दिली होती, बुधवारी. दुकानातला मुलगा म्हणाला, सर, ही फ्रेममध्ये उलटी बसवलीय, फिल्मची चकाकी नसलेली बाजू चुकीच्या अंगाला आहे. सुलक्षणा, ती मीच बसवली. पंच्याऐंशी साली पुठ्ठ्याची चौकट ओल लागून कुजली, तेव्हा मी नवीन प्लास्टिकची घातली. माझ्या हातून. मी आयुष्यात कोणाचा डावा दात उजवीकडे बसवला नाही गं."

"मग सांगायचं होतंस."

"कोणाला? रघूला? वीस वर्षं तो सगळ्यांना सांगत आला, हे माझं स्टेशन. आता ती मुलगी अल्बम उघडणार आणि साऱ्या हॉलसमोर म्हणणार, हे तर उलटं आहे. त्याची जी अवस्था आहे त्यात हे त्याला पेलेल? सोमवारी मी आणून ठेवलं असतं. मुलगी परत गेली असती. कोणाला कळलं नसतं." तो रडत होता. "काल मेणबत्त्यासुद्धा चुकल्या. अंधारात बसलो होतो, उठवेना. तू सांगू नकोस. तुला हात जोडतो."

मला त्याची दया आली, आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी, आणि राग जास्त.

"जोशुआ, वर्षभर तो काय म्हणतोय? वेटिंग रूम पलीकडे होती. गाड्या उजवीकडून जायच्या. आपण काय म्हटलं? बिचाऱ्याचं डोकं चाललं. तुला वाटतंय तू त्याची अब्रू झाकलीस. अरे, तो एकटा बरोबर होता! ते सांगणारी एकच वस्तू जगात होती, ती तू कापसात पुरून ठेवलीस."

जोशुआ माझ्याकडे बघत राहिला. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. स्वतःच्या चुकीकडे तो इतका डोळे लावून बसला होता की मित्राचं बरोबर असणं त्याला दिसलं नव्हतं.

वर हॉलचं दार उघडल्याचा आवाज आला. बेनचा मोठ्याने "वेलकम" ऐकू आला, आणि एका अनोळखी बाईचं हसू.

सोफी लवकर आली होती.

६

ती तिशीतली, उंच, गालांवर धुक्याचा ओलावा. काखेत अल्बम. मी स्टेजखालून केसांत कापूस घेऊन बाहेर आले, माझ्यामागून जोशुआ दोन्ही हातांवर स्टेशन घेऊन. त्याने ते चौकोनावर ठेवलं आणि रघुदादांसमोर जाऊन उभा राहिला.

"रघू, मी चोरलं. आणि वीस वर्षांपूर्वी चूकही मीच केली."

मग त्याने सगळं सांगितलं. रघुदादा ऐकत होते, पण किती पोचत होतं कळेना. "स्लाइड... उलटी," ते नुसतं पुटपुटले. अशा गोष्टी बोलून पटत नाहीत, दाखवाव्या लागतात. मी कोपऱ्यातला आरसा ढकलत आणला. त्याची चाकं भयंकर कुरकुरली. लेआउटसमोर तो उभा केला, आणि रघुदादांना धरून अशा जागी आणलं की स्टेशन त्यांना फक्त आरशात दिसावं.

ते वाकले. सोफीही त्यांच्या शेजारी वाकली, आणि तिने अल्बमचं एक पान उघडून आरशाला टेकवलं. काळापांढरा फोटो, लाटांसारख्या कडांचा. दारासमोर टोपी घातलेले हेंड्रिक. उजव्या हाताला वेटिंग रूम. उजव्या अंगाला घड्याळ.

आरशातलं स्टेशन आणि फोटोतलं स्टेशन एकच होतं. फक्त आरशातल्याला रंग होता.

"वेटिंग रूम," रघुदादा म्हणाले. त्यांचा हात आपोआप उजवीकडे गेला, दाराच्या मुठीवर जावा तसा. "इथे. इथेच. आत शेगडी होती, आणि हे घड्याळ... दोन वीस. माझी गाडी!" ते वळले आणि लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी सुप्रभाला विचारलं, "म्हणजे मला बरोबर आठवत होतं ना गं?"

सुप्रभाने नुसती मान हलवली, पुन्हापुन्हा हलवली. मग त्यांच्या छातीवर डोकं ठेवून हॉलभर ऐकू जाईल अशी रडली. मीही रडले. बेन ट्रान्सफॉर्मरची वायर तपासू लागला. ती अगदी ठीक होती.

सोफीने सांगितलं, ती इमारत चौऱ्याहत्तर साली पाडली. आता तिथे काचेचा आडोसा आहे, तिकिटाचं मशीन आहे, मास्तर कोणी नाही. घरात हा एवढा एकच फोटो उरला, आणि रंग कोणालाच ठाऊक नव्हते. "आई नेहमी म्हणायची, माझा पडदा पिवळा होता, आणि कोणाचा विश्वास बसायचा नाही."

"आई?" सुप्रभा डोळे पुसत म्हणाली. "म्हणजे क्लारा? त्या वेळी त्यांचं वय काय होतं?"

"बासष्ट साली? नऊ."

सुप्रभा नवऱ्याकडे वळली. "नऊ वर्षांची? अहो, चव्वेचाळीस वर्षांत एकदा सांगायचं नाही का!"

"तू कधी विचारलंस?" रघुदादा म्हणाले. असं उत्तर देणाऱ्या माणसाच्या डोक्याला धाड भरलेली नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. मंगळवारी ते क्लिनिकला गेले. चष्मा कुठे ठेवतात ते ते विसरतात, तारखा विसरतात, आणि पुढेही विसरतील. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं. पण त्या दिवसानंतर "म्हणजे मीच" असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

जोशुआ स्टेशन मोडून सरळ बांधायला निघाला होता. रघुदादांनी त्याचा हात धरला. "राहू दे, जोश्या. आरसा विकत घेऊ." आज तो लेआउट आरशासकटच प्रदर्शनांना जातो. लोक आधी पुढून बघतात आणि मग आरशात. बेन प्रत्येकाला नऊ चाळीसचं कोडं घालतो, जणू ते त्यानेच सोडवलं होतं.

पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्या गॅरेजमध्ये गेले होते. दोघं मित्र पोस्टमनच्या सायकलला नवीन चाक बसवत होते. साडेतीन वाजले तसे रघुदादा उठले, त्यांनी थरथरत्या हातांनी जोशुआचा कोट खुंटीवरून काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"चल, निघ. टालियाच्या मेणबत्त्या," ते म्हणाले. "मी विसरलेलो नाही."